गोळ्या किती उरल्या?

२०२० च्या रमजानचा पहिला रोजा शनिवारी आला होता, २५ एप्रिलला. टाळेबंदीला महिना झाला होता. फजरनंतर जरा डोळा लागला होता, तेवढ्यात नऊच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. तरुण आवाज होता. "बाई, तुमच्या शेजारच्या आजी फोन उचलत नाहीत. जरा बघता का?"

आम्ही अर्धवट झोपेत त्याला समजावले, की बाबा, त्या यहुदी आहेत, आज शनिवार आहे, त्या शनिवारी फोनला हात लावत नाहीत. चौदा वर्षांच्या शेजारामुळे एवढे तरी आम्हाला माहीत होते.

"तेच सांगतोय बाई. मीही त्यांच्यातलाच. सध्या शनिवारीही उचलायचा असं सगळ्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवलंय. गेले चारही शनिवार त्यांनी उचलला. आज तीनदा केला."

त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या सासूबाईंकडे असते. दार उघडले तर मावशी मोरीच्या उंबऱ्याशी पडलेल्या. शुद्धीवर होत्या, पण बोलणे अडखळत होते आणि अंग घामाने भिजले होते. साखर उतरली होती. फोन चालूच होता. त्या मुलाने लगेच त्यांच्यातल्याच एका डॉक्टरला फोनवर घेतले. डॉक्टर सांगत गेले तसे आम्ही साखरपाणी पाजले, पाय हलवून पाहिला, कुठे दुखते ते विचारले. हाड मोडले नव्हते. दुपारपर्यंत पोलिसांचा पास गळ्यात अडकवलेला एक स्वयंसेवक औषधे, साखर मोजायचे यंत्र आणि पंधरा दिवसांचा किराणा घेऊन जिन्यात उभा होता.

संध्याकाळी इफ्तारच्या वेळी खजूर हातात घेऊन आम्ही बसलो, पण मन थाऱ्यावर नव्हते. मधे एकच भिंत आहे. मावशींचा मिक्सर चालला की आमच्याकडे ऐकू येतो. त्यांच्या पडण्याचा आवाज आला नाही, आणि भायखळ्यात बसलेल्या एका पोराला मात्र कळले. आमचा नंबर त्याच्याकडे कसा, तेही नंतर कळले. त्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना होता, ‘शेजारी’. मावशींनी तिथे आमचे नाव दिले होते. आम्हाला न विचारता, एवढ्या भरवशाने.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. हे लोक बेने इस्रायल. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली हकीकत अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून ही जमात वाढली. ती गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून आडनावे पडली, किहीमकर, रोहेकर, दिवेकर, जशी आमच्या कोकणी मुसलमानांतही ‘कर’ लावलेली आडनावे आहेत. भाषा मराठी. त्यांच्या धर्मकार्य करणाऱ्यांना पूर्वी काझी म्हणत, आणि प्रार्थनास्थळाच्या कारभाऱ्याला मुकादम. उपासाला शब्द रोजा. एलियाहू हन्नबीचा उरूस. त्यांच्या जुन्या सणांच्या यादीत एक ‘रमजान’सुद्धा आहे! आणि प्रार्थनास्थळाला म्हणायचे मशीद. मुंबईत मांडवीला त्यांचे १७९६ सालचे जे पहिले प्रार्थनास्थळ आहे, त्याला जुनी मशीद म्हणतात, आणि मस्जिद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळ लोक मानतात. आमच्या वर्गात हे सांगितले की मुले पहिल्यांदा हसतात आणि मग पुन्हा सांगायला लावतात.

इस्रायल हा शब्द निघाला की आमच्या घरांत पॅलेस्टाइनच्या जखमेची आठवण येते, ती यायलाच हवी. पण मावशी त्या भांडणाच्या कोणी नाहीत. त्या रायगडच्या आहेत. आयुष्य ठाण्यात गेले. सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या ‘शार हाशामाईम’ या १८७९ सालच्या प्रार्थनास्थळात त्यांचे लग्न लागले. सगळ्या भारतात आता हे लोक पाच हजारांच्या आसपास उरलेत, बहुतेक मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात. १९४८ नंतर तरुण निघून गेले आणि जाताहेत. मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. मावशींची एकुलती एक मुलगी अश्दोदला आहे. नवरा एका छापखान्यात होता, पेन्शन नाही. त्या शिवणकाम करतात. महामारीने नेमक्या अशाच माणसांना गाठले. वय झालेले, साखर-रक्तदाब जडलेला, घरात एकटे, आणि मार्चच्या शेवटी विमाने बंद झाल्यावर पोरे सातासमुद्रापार अडकलेली.

त्या पडल्या त्या दिवसानंतर आम्ही हळूहळू सगळी व्यवस्था समजून घेतली. मावशी आधी सांगायला तयार नव्हत्या. त्यांना दरमहा मदत मिळते हे चौदा वर्षांत त्यांनी आम्हाला कळू दिले नव्हते. अमेरिकेतल्या यहुद्यांनी १९१४ साली काढलेली ‘जॉइंट’ नावाची मोठी संस्था आहे. ती कित्येक दशके इथल्या गरीब, वृद्ध यहुद्यांना हातभार लावते. पैसा तिथला, पण ओळख इथली. कोणाला साखर आहे, कोणाचा मुलगा विचारत नाही, कोणाच्या घरात दोन जिने चढून पाणी आणावे लागते, हे इथल्याच बायकामाणसांना ठाऊक. टाळेबंदी लागताच त्यांच्यातल्या काहींनी म्हाताऱ्यांची नावे वाटून घेतली. मावशींना फोन करणाऱ्याकडे सात नावे होती.

तो फोन आम्ही पुढे कैक वेळा ऐकला. मावशींना कमी ऐकू येते, म्हणून त्या स्पीकरवर टाकतात. तो मुलगा ‘कशा आहात’ असे कधी विचारत नसे. आज काय शिजवलं? काल रात्री काय जेवलात? गोळ्या किती उरल्या? मोजून सांगा, मी थांबतो. मावशी कुरकुरत उठायच्या, डबा उघडायच्या, मोजायच्या. "नऊ." "मग गुरुवारी संपतील. बुधवारी माणूस येईल."

आम्ही एकदा त्याला विचारले, हे असे उलटतपासणीसारखे का? तो म्हणाला, "बाई, कशा आहात म्हटलं की सगळे बरं आहे म्हणतात. माझी आजीपण म्हणते."

आणखी एक गोष्ट आम्हाला त्यांच्यात फार मोलाची वाटली. मावशी पडल्या, आठवड्याने बऱ्या झाल्या, आणि त्यांनाच तीन नावे दिली गेली. एक पनवेलची, एक अलिबागच्या इस्रायल आळीतली, एक कुर्ल्याची. रोज संध्याकाळी मावशी चष्मा लावून, वही घेऊन त्या तिघींना फोन करायच्या. ज्या बाईला स्वतःला मदत पोचत होती तीच तिघींच्या गोळ्या मोजून घेत होती, आणि तेही बऱ्याच अधिकारवाणीने. पुढे त्यांना दोनशे मास्क शिवायचे काम मिळाले. कापड पोचते झाले, मोबदला रोख. त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला, हे आमच्या सासूबाईंच्या आधी लक्षात आले.

यहुद्यांचे मोठे विद्वान मूसा बिन मैमून आमच्याकडेही अनोळखी नाहीत. कोर्दोव्यात जन्मले, सलाहुद्दीन अय्यूबीच्या काळात इजिप्तच्या दरबारात हकीम होते, बरीच ग्रंथरचना अरबीत केली, १२०४ साली वारले. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची, नाखुशीने देणे. वर वर जाता एक पायरी अशी, की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. पण सगळ्यांत वरची त्याहून निराळी आहे. माणूस कोसळण्याआधीच त्याचा हात धरायचा, त्याला काम द्यायचे, भागीदारी द्यायची, कर्ज द्यायचे, म्हणजे त्याच्यावर मागायची वेळच येणार नाही. दानाला त्यांचा शब्द त्सेदाका. आमचा सदका त्याचाच भाऊ. आजाऱ्याची विचारपूस आपल्याकडे इयादत, त्यांच्याकडे तिला बिक्कुर होलीम म्हणतात आणि त्यासाठी मंडळे असतात. बिनव्याजी कर्जाचेही त्यांचे फंड असतात, आपल्या करज-ए-हसनासारखे. हे सारे आम्हाला नवे होते असे नाही. गुप्त सदक्याची शिकवण आपल्या घरातल्या पोरांनाही पाठ असते.

पाठ असते, हेच तर. त्याच एप्रिलमध्ये आमच्या ओळखीच्या एका मंडळाने रेशनच्या पिशव्या वाटल्या. पिशवीवर देणाऱ्याचे नाव पिशवीभर. घेणाऱ्याने पिशवी छातीशी धरायची आणि फोटो काढून घ्यायचा, मग पुढचा. ती मुले वाईट नव्हती. उन्हात, रोजे ठेवून, जीव धोक्यात घालून फिरत होती. कब्रस्तानांत आपल्या तरुणांनी त्या वर्षी जे केले ते तर साऱ्या मुंबई-ठाण्याने पाहिले, आणि तेही त्या दिवसांत, जेव्हा भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जात होती. पण फोटोच्या त्या रांगेत आमचे सर उभे राहिले नाहीत.

सर म्हणजे आम्हाला उर्दू शिकवणारे. आज आमचे जे काही शीन-काफ दुरुस्त आहे ते त्यांच्यामुळे. मुंब्र्यात एकटेच राहायचे. बेगम आधीच अल्लाहला प्यारी झाली होती, मुलगा आखातात. त्यांना साखर होती, इन्सुलिन घ्यायचे. दर ईदला आम्ही सलामाला जायचो. २०२० ची ईद २५ मे रोजी झाली. कुठे जायची सोय नव्हती, म्हणून फोन केला. विचारले, "सर, कसे आहात?" म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, खैरियत है." मग आमच्या शाळेची, ऑनलाइन वर्गांची चौकशी केली, एका शब्दाचा उच्चार सुधारून दिला आणि फोन ठेवला.

निसर्ग वादळ आले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या शेजाऱ्याने दार फोडले. सर गेले होते. कोरोना नव्हता. फ्रिजमध्ये इन्सुलिनची एक बाटली होती, तळाशी थोडेसे उरलेली. टेबलावरच्या कागदावर त्यांनी आपल्या सुंदर हस्ताक्षरात तारखा आणि युनिट मांडले होते. ईदच्या आधीपासून ते अर्धाच डोस घेत होते, पुरवून पुरवून.

ईदच्या दिवशी मावशींच्या त्या फोनला एक महिना झाला होता. आम्ही तो किस्सा दहा जणांना सांगितला होता, ‘बघा, यहुदी लोक आपल्या माणसांची कशी काळजी घेतात’. आणि स्वतः फोन लावला तेव्हा विचारले, कसे आहात.

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वहीतले एक पान फाडून दिले. त्यावर त्यांचे प्रश्न लिहिलेले होते, ओळीने. शेवटचा प्रश्न आम्हाला सुचलाच नसता, ‘आज कोणाशी बोललात?’

आम्ही शिक्षक, वही आणि हजेरी हेच आमचे हत्यार. जूनमध्ये शाळा उघडली नव्हती, पण हजेरीपट घरी होता. वर्गातल्या मुलांना फोन करून एकच काम दिले, तुझ्या गल्लीत एकटे कोण राहते? चार दिवसांत एकवीस नावे आली. ती आम्ही सहा जणांत वाटली. औषधाचे पैसे जकातीतून, आणि ते थेट दुकानदाराकडे, कोणाच्या नावाने आले ते न सांगता. फोटो नाही. एका आजीने पहिल्याच फोनला आम्हाला बँकेच्या नावाने फसवणारे समजून शिव्या घातल्या, त्याही आम्ही वहीत नोंदवल्या.

मावशींच्या लोकांत सगळे गोड आहे असेही समजू नये. कोणाला किती मदत, यावरून कुजबुज तिथेही चालते. मावशी कुर्ल्याच्या बाईंना फोन करायच्या, पण त्यांच्याशी १९८९ पासूनचे एक भांडण आहे, लग्नाच्या जेवणावरून. "भांडण वेगळं, गोळ्या वेगळ्या," असे त्यांचे म्हणणे. आणि माणसे मोजकी असली की यादी करणे सोपे, हेही खरे. आमच्या भागात एका गल्लीत त्यांच्या आख्ख्या ठाण्याहून जास्त माणसे राहतात. पण सर गल्लीत हरवले नव्हते. आमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर पहिल्या दहांत होता.

एक गंमतही सांगायला हवी. टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यात, ८ एप्रिलच्या संध्याकाळी त्यांचा वल्हांडण सण सुरू झाला. शब-ए-बारातही त्याच आठवड्यातली. मावशी एकट्या, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही प्रेमाने गरम चपात्या नेऊन दिल्या. त्यांनी हसून घेतल्या. नंतर कळले की त्या आठ दिवसांत आंबू शकणारे काहीही घरात ठेवायचे नसते, आणि पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजलेली खास भाकर सोडून गव्हाचे काही चालत नाही. चपात्या वॉचमनने खाल्ल्या. "तांदळाची भाकरी आण की," मावशी दहा दिवसांनी म्हणाल्या, "तुला येत नाही का?" कोकणातल्या बाईला हे विचारणे म्हणजे अपमान आहे! पण त्या रात्री त्यांना सगळ्यांत जास्त एकटे वाटले होते हे त्यांनी फार पुढे सांगितले. सणाचे पहिले जेवण घरच्या सगळ्यांनी मिळून, प्रश्न विचारत, गोष्ट सांगत जेवायचे असते. इस्रायलमधल्या काही रब्बींनी त्या वर्षी म्हाताऱ्या माणसांसाठी संगणकावरून एकत्र बसायची सूट दिली, इतरांनी विरोध केला. मावशींनी विरोध करणाऱ्यांचे ऐकले आणि एकटीनेच प्रश्न विचारून एकटीनेच उत्तरे दिली. मग शनिवारचा फोन कसा चालला, असे आम्ही विचारले. "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायलाच हवा, तो हुकूमच आहे. माझं रडू हा काही जिवाचा धोका नव्हता."

२०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. आमच्या सासूबाईंनी साफ नकार दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर जे जे येत होते ते सगळे त्यांना पाठ होते. आम्ही दोन शिक्षक घरात असून हरलो. मावशी येऊन बसल्या आणि हाफकिनची गोष्ट सांगितली. प्लेगच्या वेळी ओडेसाचा एक यहुदी शास्त्रज्ञ भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा विशीतले आगाखान, सुलतान मोहम्मद शाह, पुढे आले. त्यांनी त्याच्या प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला आणि लोकांसमोर लस टोचून घेतली, म्हणजे त्यांची खोजा मंडळी तरी घाबरणार नाहीत. "यहुद्याने बनवली, मुसलमानाने घेतली. आता आपा, मी घेते, तुम्ही बघा." दोघी एकाच रिक्षाने गेल्या. येताना सासूबाई म्हणाल्या, सुई बारीक असते.

एप्रिलच्या लाटेत मावशींचा पनवेलचा भाऊ गेला. दफनाला जाता आले नाही. त्यांच्याकडे मयताच्या दुआसाठी दहा पुरुष लागतात, ते कसेबसे जमले. मावशी सात दिवस घरात जमिनीलगत बसल्या. दुखवट्याचे पहिले जेवण स्वतःच्या घरचे खायचे नसते, शेजाऱ्यांनी द्यायचे, जसे आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटू देत नाहीत. पण शेजारी आम्ही, आणि आमची भांडी त्यांना चालत नाहीत. यावर त्या मुलाचा फोन आला. "बाई, नवं पातेलं पाठवतोय. त्यात अंडी उकडून द्याल? शेजारी म्हणून तुमचंच नाव आहे." रमजानच होता. रोज्याच्या तोंडी आम्ही चार अंडी उकडली, सोलली नाहीत, तशीच नेली. मावशींनी एक खाल्ले. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसून राहिल्या, मगरीबपर्यंत.

आता पाच वर्षे झाली. मावशी ब्याऐंशीच्या आहेत, त्यांच्या वहीत दोनच नावे उरली आहेत, कुर्ल्याच्या बाई त्यातल्या एक. आमच्या वहीत चौतीस झाली. त्यातले एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांना रोज विचारावे तर रोज म्हणतात, गोळ्या भरपूर आहेत. परवा आम्ही म्हटले, चाचा, पाकीट फोनजवळ धरून जरा वाजवा बघू. बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "एकच पट्टी आहे, ती वाजत नाही." बुधवारी दुकानदाराचा मुलगा जाऊन आला.